जोडून आलेली सुट्टी आणि शनिवारचं श्राद्ध

सप्रेम नमस्कार ताई,

मी डोंबिवलीत राहते. वय ४१, एका पतसंस्थेत नोकरी. घरी नवरा, दहावीतला मुलगा, पाचवीतली मुलगी आणि सासूबाई. सासरे जाऊन चार वर्षं झाली.

यंदा २ ऑक्टोबर शुक्रवारी आलाय. नवऱ्याच्या कॉलेजच्या मित्रांचा ग्रुप आहे, चार कुटुंबं. त्यांनी तीन दिवसांसाठी नागावला बंगला घेतलाय, आगाऊ पैसेही भरलेत. मला हे ग्रुपवरच्या मेसेजवरून कळलं. शनिवारी माझं ऑफिस आहे, कारण आम्हाला फक्त दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते. त्याच शनिवारी सासऱ्यांची पितृपक्षातली तिथी आहे. नवरा म्हणतो, श्राद्ध सर्वपित्रीला करू, आईला तीन दिवस आत्याकडे सोडू. सासूबाई त्याच्यासमोर काही बोलत नाहीत, पण मला एकटीला गाठून विचारतात, 'त्याला सांगितलंस का?'

गेल्या वर्षी दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी होती. तोरण, पूजा, श्रीखंड-पुरी सगळं उरकून आम्ही दुपारी महाबळेश्वरला निघालो. पसरणीच्या घाटात गाड्या हलेनात. मुलीला उलट्या झाल्या. बंगल्यावर चहा-पोहे, मुलांची जेवणं, रात्रीची आवराआवर सगळं आम्ही बायकांनीच केलं. रविवारी मध्यरात्री घरी पोचलो आणि सोमवारी सकाळी पुन्हा डबे.

खरं सांगते, मला यंदा कुठेच जायचं नाहीये. मला झोपायचंय. माझी आई बदलापूरला असते, लोकलने अर्ध्या तासावर, आणि सहा महिन्यांत मी तिच्याकडे एक रात्रही राहिलेले नाही. पण हे बोलले की 'सगळ्यांचा मूड घालवतेस' असं ऐकावं लागतं. नवरा वाईट नाही हो. तो मनापासून म्हणतो की मी तुम्हा सगळ्यांसाठीच तर करतो. मी खरंच रसभंग करणारी बाई झालेय का? काय करू?

– एक वाचक, डोंबिवली

सस्नेह नमस्कार,

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. तुम्ही कुणाचा रसभंग करत नाही आहात, तुम्ही दमला आहात. तुमच्या पत्रात सहल, श्राद्ध आणि तुमची झोप असे तीन विषय एकमेकांत गुंतले आहेत, आणि तिन्ही सोडवायची जबाबदारी तुमच्या एकटीवर आली आहे. त्यातला खरा तुमचा विषय फक्त झोपेचा. बाकीचे दोन ज्यांचे आहेत त्यांच्या हातात परत द्या, एवढंच मला सांगायचंय. पण ते घरात कसं जमवायचं हे नीट लिहायला हवं, कारण 'स्पष्ट बोला' एवढ्याने कुणाचं भागत नाही.

श्राद्धापासून सुरुवात करू. श्राद्ध तुमच्या नवऱ्याच्या वडिलांचं आहे, सासूबाईंच्या नवऱ्याचं आहे. ते कधी करायचं हे त्या दोघांनी एकमेकांशी बोलून ठरवायचं. सध्या काय होतंय ते बघा. मुलगा आईशी न बोलता तुमच्याशी बोलतो, आई मुलाशी न बोलता तुम्हाला विचारते, आणि उद्या काही बिनसलं तर दोघंही म्हणतील, 'तिने नीट सांगितलंच नाही.' निरोप्याचं हे काम आजच सोडा. सासूबाईंनी पुन्हा विचारलं की शांतपणे म्हणा, 'आई, हे तुम्हीच त्याच्याशी बोला, हवं तर मी शेजारी बसते.' नवऱ्याला सांगा, 'बाबांच्या तिथीचं तू आईंशी बोल. मी मध्ये काही पोचवणार नाही.' गणपती १४ सप्टेंबरला आहेत. घरात पाहुण्यांचा राबता सुरू झाला की असं बोलणं राहूनच जातं. म्हणून त्याआधीची एखादी रात्र गाठा.

नवऱ्याचं म्हणणं रीतीला सोडून आहे असं मला वाटत नाही. ज्यांची तिथी माहीत नसते, किंवा ज्यांचं त्या दिवशी काही कारणाने राहून जातं, त्यांचं सर्वपित्री अमावास्येला करायची पद्धत आहेच. यंदा ती १० ऑक्टोबरला, तुमच्या सुट्टीच्या दुसऱ्या शनिवारी आली आहे. कागदावर हे अगदी सोयीचं दिसतं. पण ११ तारखेला घटस्थापना आहे. तुमच्याकडे घट बसत असतील तर शनिवारी श्राद्धाचा स्वयंपाक, ब्राह्मण किंवा सवाष्ण जेवायला असेल तर त्यांचं करणं, दुपारनंतर सगळी आवराआवर, देवघर घासणं, घटाची माती, परडी, फुलं, आणि रविवारी पहाटे पुन्हा उभं राहणं. हे सगळं कोण करणार? श्राद्ध आठवडाभर पुढे ढकललं की त्याच्याबरोबरचं कामही पुढे सरकतं आणि नवरात्राच्या तयारीला जाऊन चिकटतं. नवऱ्याने तारीख बदलताना हे पाहिलेलं नसणार, कारण ते काम त्याच्या वाट्याला कधी आलेलंच नाही. त्याला हे रागावून नको, नुसतं एकदा वाचून दाखवल्यासारखं सांगा.

सासूबाईंच्या मनात काय आहे हे मला इथून कळणार नाही, पण एक अंदाज सांगते. त्यांना तिथीच महत्त्वाची वाटत असेल, नाही असं नाही. पण ज्या दिवशी आपल्या माणसाची आठवण काढायची, तो दिवस एका बंगल्याच्या बुकिंगमुळे सरकवला आणि आपल्यालाही नणंदेकडे सरकवलं, हे त्यांना जास्त लागलं असेल. सत्तरीच्या आसपासच्या बाईला 'तीन दिवस तुला तिकडे सोडतो' हे ऐकताना काय वाटतं याची कल्पना करून बघा. कदाचित मुलाने समोर बसून विचारलं, 'आई, अमावास्येला केलं तर तुला चालेल का? आणि तुला आत्याकडे जायचंय, की इथेच राहायचंय?', तर त्या सहज हो म्हणतील. कदाचित नाही म्हणतील. त्या नाही म्हणाल्या तर श्राद्ध शनिवारीच होईल, आणि मुलगा त्या दिवशी घरी असेल. त्यांचं उत्तर आधीच गृहीत धरून त्यांच्या वतीने तुम्ही भांडू नका.

शनिवारीच ठरलं तर स्वयंपाकाचं काय? तुम्ही त्या दिवशी ऑफिसात आहात. रजा टाकायची नाही, हे माझं आग्रहाचं सांगणं. पहाटे चारला उठून खीर, वडे, अळूची भाजी, गवार-भोपळा, आमसुलाची चटणी, कढी असं सगळं रांधून मग साडेआठची लोकल पकडायची, हे तर अजिबात नाही. श्राद्धाचा स्वयंपाक करून देणाऱ्या बायका आणि पोळी-भाजी केंद्रं तुमच्या गावात मुबलक आहेत. पितृपक्षात त्यांच्याकडे झुंबड उडते, म्हणून नवऱ्याने आत्ताच जाऊन सांगून ठेवावं. जाणं, सांगणं, आणणं, सगळं त्यानेच करायचं. सासूबाईंना बाहेरचं रुचणार नसेल तर त्यांना विचारा, 'कोणता पदार्थ घरात व्हायलाच हवा?' बहुतेक त्या खीर म्हणतील. मग खीर नवऱ्याने करावी. आई खुर्चीत बसून तांदूळ किती, दूध किती, गूळ कधी घालायचा हे सांगतील आणि तो ढवळेल. वडिलांसाठी मुलाने स्वतःच्या हाताने केलेल्या खिरीला कमीपणा कोण आणेल? काकघास ठेवायलाही तोच गच्चीवर जाईल. ऑफिसातून घरी आल्यावर तुम्ही पानावर बसा आणि नमस्कार करा.

आता सहल.

बंगला घेतल्याचं तुम्हाला ग्रुपवरच्या मेसेजवरून कळलं, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडखळले. रस्त्यावरची गर्दी, पितृपक्ष, शनिवारचं ऑफिस ही सगळी नंतरची भांडणं. तुमचे तीन दिवस कुणीतरी तुम्हाला न विचारता देऊन टाकले, हे पहिलं. नवऱ्याचा हेतू चांगला आहे हे तुमच्याइतकंच मलाही पटतंय. 'तुमच्यासाठीच करतो' हे तो खोटं बोलत नाहीये. पण तुमच्यासाठी काय करायचं हे त्याने तुम्हाला कधी विचारलं का? चांगल्या माणसांच्या घरात हा प्रश्न विचारायचाच राहून जातो, कारण हेतू चांगला असला की विचारायची गरज कुणाला वाटत नाही.

आपल्याकडे सुट्टी कशी ठरते ते बघा. जानेवारीत नवं कॅलेंडर भिंतीवर लागलं की कुणीतरी जोडून येणाऱ्या सुट्ट्या मोजतो. शुक्रवार किंवा सोमवार सापडला की जागा शोधायची. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, बंगलेवाले त्याच्याही आधी पैसे मागतात, म्हणून जागा आधी पक्की होते. घरातल्या कुणाला काय हवंय हा विषय त्यानंतर येतो, तोही बॅग भरताना. आणि सगळ्यांनीच असं केल्यामुळे सगळे एकाच सकाळी निघतात आणि एकाच संध्याकाळी परततात. वाईकडून पाचगणीला चढणारा घाट असो नाहीतर अलिबागच्या वाटेवरचं वडखळ, तिथला रस्ता तेवढाच असतो. तुमच्या मुलीला उलट्या झाल्या त्यात नवल काही नाही. थांबत, धक्के खात, वळणावळणाने तासन्‌तास चाललेल्या बंद गाडीत दहा वर्षांच्या मुलाला दुसरं काय होणार?

बंगल्यावरच्या सुट्टीबद्दलही थोडं स्पष्ट लिहिते, कारण तुमच्यासारखी पत्रं मला दर वर्षी येतात. हॉटेलात निदान चहा कुणीतरी आणून देतं. भाड्याच्या बंगल्यात चार कुटुंबांचं घर चालवावं लागतं, तेही परक्या स्वयंपाकघरात, जिथे गाळणं कुठेय, डाळ कशात आहे, शेगडी कशी पेटते हे कुणालाच माहीत नसतं. पुरुषांनी रात्री अंगणात कोळसा पेटवला की स्वयंपाक 'त्यांनी' केला असं होतं. मॅरिनेशन, कांदा-कोथिंबीर, मुलांसाठी वेगळा वरण-भात आणि सकाळची भांडी यांची मोजदाद कुठेच होत नाही. यंदा त्यात पितृपक्ष आहे, म्हणजे ग्रुपमधल्या काही घरांत मांसमच्छी चालणार नसेल आणि दोन प्रकारचा स्वयंपाक होईल. तुम्हाला दमल्यासारखं वाटतं ते याच हिशेबाने, तुमच्या स्वभावामुळे नाही.

म्हणून माझा सल्ला असा, की तुम्ही यंदा नागावला जाऊ नका. नवऱ्याला आणि मुलांना मात्र अडवू नका. आईशी त्याचं जे ठरेल त्यानुसार तो तीन दिवस जाईल, नाहीतर शनिवारी दुपारी श्राद्ध आटोपून एका रात्रीसाठी जाईल. मुलाला दहावीची सहामाही आहे, त्याला जायचंय की नाही हे त्यालाच विचारा. पंधरा वर्षांच्या मुलालाही कधी कधी घरीच लोळायचं असतं, फक्त त्याला कुणी विचारत नाही. भरलेल्या पैशांचा विचार करू नका. ते गेलेच आहेत. त्यांच्यासाठी तुमचे तीन दिवसही घालवायचे, याने कुणाचंच काही वाचणार नाही.

नवऱ्याला हे सांगताना गेल्या वर्षीची तक्रार म्हणून सांगू नका. यंदाचा बेत म्हणून सांगा. 'मी नागावला येणार नाही. गुरुवारी संध्याकाळी ऑफिसातून मी थेट आईकडे बदलापूरला जाणार आहे. तू मुलांना घेऊन जा.' एवढंच. पुढे कारणांची रांग लावू नका. कारणं दिली की एकेक कारण खोडलं जातं, 'रजा टाक', 'आत्या आहे ना', 'तिथे आराम कर की', आणि शेवटी तुम्ही गाडीत बसलेल्या असता. तो रुसेल. दोन-तीन दिवस घरात शांतता असेल. ती भरून काढायला तुम्ही धावू नका, आवडीची भाजी करून बेत मागेही घेऊ नका. तुमचा नवरा वाईट नाही असं तुम्हीच लिहिलंय. मग त्या शांततेत तो विचार करेल, इतका विश्वास त्याच्यावर ठेवा.

ग्रुपमधल्या बाकीच्या तिघींपैकी जी तुम्हाला जवळची वाटते तिला स्वतः फोन करा. तुम्ही नसल्याने तिचं काम वाढेल, हे तिच्या आधी तुमच्या लक्षात आलंय हे तिला कळू द्या. नागावमध्ये कितीतरी घरांत सांगितलं की ताजं घरगुती जेवण करून देतात. तीन दिवसांचं जेवण तिथे सांगायचं, आणि ते सांगायचं काम पुरुषांनी करायचं, हे तिने ग्रुपवर मांडलं तर सगळ्यांचंच बरं होईल. ती कदाचित तुम्हाला म्हणेल, 'मलाही यायचं नव्हतं गं.' असं म्हणाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मुलं वडिलांबरोबर जाणार असतील तर काही गोष्टी त्याला नक्की सांगा, आणि त्या मी गांभीर्याने लिहितेय. निघायचं ते पहाटे, उन्हं चढायच्या आत. मुलीला भरपेट नाश्ता नको, आणि डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी निघण्याआधी द्या. रविवारी दुपारचं जेवण नागावला न घेता सकाळीच परतीला लागावं. मुंबईच्या भागातून मोसमी पाऊस माघारी फिरण्याची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे, म्हणजे २-३ तारखेला दुपारनंतर गडगडाटी सरी येऊ शकतात आणि समुद्रही पुरता शांत झालेला नसतो. मुलांना कुलाबा किल्ला दाखवायचा बेत असेल तर भरती-ओहोटीची वेळ तिथल्या माणसांना विचारावी. ओहोटीला लोक चालत किल्ल्यावर जातात हे खरं, पण त्या सुमारास चंद्र अर्धा असतो, भांग असते, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, आणि उधाणाच्या दिवसांसारखं पाणी मागे हटत नाही. गेल्या वेळी चालत गेलो होतो, यावरून यंदाचा अंदाज बांधू नये.

आणखी एक गोष्ट. २ ऑक्टोबर हा ड्राय डे असतो, त्यामुळे बाटल्या आदल्या दिवशीच गाडीत भरल्या जातात. मोठ्या माणसांनी रात्री अंगणात काय करावं हे मी सांगणार नाही. पण मुलं पाण्याच्या जवळ असताना त्यांच्यावर लक्ष ठेवायची ज्याची पाळी, त्याने घोटभरही घ्यायची नाही, आणि ती पाळी कुणाची हे नाव घेऊन ठरलेलं असावं. 'सगळे आहेत ना' म्हटलं की लक्ष कुणाचंच नसतं. हे नवऱ्याकडून कबूल करून घ्या. आई बरोबर नाही म्हणून मुलांची काळजी वाटणं साहजिक आहे, आणि ही एक गोष्ट पक्की झाली की ती बरीच कमी होईल.

आता तुमची झोप. तुम्ही ती पत्राच्या अगदी शेवटी, लाजत लाजत लिहिलीत. मला ती पहिल्या ओळीत वाचायला आवडली असती.

तुम्ही नोकरी करता. महाराष्ट्रात २०१७ चा दुकाने आणि आस्थापना अधिनियम आहे. त्यात कामगाराला वर्षाला ८ सणांच्या भरपगारी सुट्ट्या सांगितल्या आहेत, आणि त्यांपैकी चार दिवस कायद्यानेच ठरवून दिलेले आहेत: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर. पुरुषांसाठी वेगळं कलम त्यात नाही. काम करणाऱ्या माणसाला हा दिवस विसाव्यासाठी मिळालेला आहे, आणि काम करणारं माणूस तुम्हीही आहात. ज्यांच्या जयंतीची ही सुट्टी, ते गांधीजी दर सोमवारी मौन पाळत. एवढा मोठा व्याप, रोज भेटायला येणारी माणसं, पत्रांचा ढीग, तरीही आठवड्यातला एक दिवस कुणी त्यांच्याकडून बोलण्याची अपेक्षा करायची नाही, हा नियम आजूबाजूच्यांना ठाऊक होता आणि ते तो पाळत. तुमच्यासाठी तुमच्या घरात असा अर्धा दिवस तरी आहे का?

घरीच राहून झोपेन, असं ठरवू नका. ते होत नाही. दुधाची पिशवी, बेल, कामवाल्या मावशींचा 'येत नाही' म्हणून फोन, सासूबाईंचं औषध, कुकरची शिट्टी, हे सगळं तुमच्याच नावाने हाक मारतं, आणि तुम्ही उठता. घरात विश्रांती हवी असेल तर आधी कामं घरातून बाहेर काढावी लागतात, नाहीतर आपण बाहेर जावं लागतं. दुसरं जास्त सोपं आहे. तुमच्या हाताशी बदलापूर आहे.

गुरुवारी १ तारखेला सकाळीच छोटी बॅग घेऊन ऑफिसला जा. सुटल्यावर घरी न येता थेट बदलापूर लोकल पकडा. घरी येऊन जाते म्हणालात तर 'एवढी भाजी टाकून जाते' म्हणून अडकाल. जाताना आईसाठी डबे, फराळ, फळांच्या पिशव्या नेऊ नका. तिथे पोचल्यावर तिचं कपाट लावणं, फ्रीज पुसणं, पंखे पुसणं यातलं काहीही करायचं नाही. मला माहीत आहे तुमचे हात तिकडे वळतील. आई दोन पोळ्या जास्त वाढेल, त्या खा. ती बडबड करेल, ती ऐकता ऐकता डोळे मिटले तर मिटू द्या, तिला राग येणार नाही. मुलांना सांगून ठेवा की चार्जर, टॉवेल, भूक आणि भांडण या चारही गोष्टींसाठी शुक्रवारी बाबांना हाक मारायची. तुम्ही रात्री एकदाच फोन कराल.

श्राद्ध शनिवारी असलं तरी शुक्रवारी रात्री तिथेच राहा आणि शनिवारी सकाळी तिथूनच ऑफिस गाठा, पान दुपारनंतर आहेच. अमावास्येवर गेलं असेल तर शनिवारी ऑफिस करून पुन्हा आईकडे जा आणि रविवारी घरी या. फक्त त्या रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक कुठे आहे हे आदल्या दिवशी बघून ठेवा, नाहीतर कल्याणच्या फलाटावर सगळा आराम उतरून जाईल.

सासूबाई घरीच राहणार असतील आणि नवरा नागावला असेल तर त्यांच्यासोबत कोण, हा प्रश्न तुमच्या मनात येईलच. त्याचंही उत्तर मुलानेच शोधायचं. आत्या येऊन राहू शकतात, दहावीतला नातू घरी असू शकतो, नाहीतर तो स्वतः एक रात्र कमी राहील. तुम्ही बदलापूरला आहात म्हणून आईंची आबाळ झाली, असं कुणी म्हणालं तर ते ऐकून घेऊ नका.

एक काळजीही बोलून दाखवते. असे दोन दिवस नीट झोप होऊनही सोमवारी पाय जड वाटले, जिना चढताना धाप लागली, केस गळत असतील, पाळी अनियमित किंवा खूप जास्त असेल, तर दम फक्त कामाचा आहे असं समजू नका. चाळिशीतल्या कितीतरी बायका हिमोग्लोबिन खूप कमी असताना वर्षानुवर्षं 'मला मेली सवयच आहे' म्हणत ओढत राहतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर या तिन्ही तपासण्या एकाच वेळी रक्त देऊन होतात. त्या करून घ्या.

राहिला पुढच्या सुट्टीचा प्रश्न. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी आहे, आणि दिवाळीच्या दिवसांची रेल्वे आरक्षणं याच आठवड्यात उघडतायत. म्हणजे ग्रुपवर कुणाच्या तरी डोक्यात बेत शिजायला लागला असणार. नवऱ्याशी श्राद्धाचं बोलाल त्याच रात्री हेही ठरवून टाका: पैसे भरण्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला विचारायचं, दोघांनी एकमेकांना आणि दोघांनी मिळून आईंना. कुणी नको म्हटलं तर बाकीच्यांनी जायचं आणि राहणाऱ्याने राहायचं, त्यावर रुसवा नाही. दिवाळीत तुम्हाला काय हवंय हे मात्र आधी स्वतःशी ठरवून बोलायला बसा, नाहीतर 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणून मोकळ्या व्हाल.